भिंतीलगतचा डाग

—‘बायकोनंच त्याच्यावर उकळतं…’ एवढंच ऐकलं मी औषधांच्या दुकानात, आणि मला बघून दोघी गप्प! तुमच्या कानावर आलंच असेल, माळीदादा? नाही कसं — त्याच्याच लॉनवर तर दाताळं चालवताय. बरं, ते मधले डाग नंतर करा, हा माझ्या भिंतीलगतचा आधी खरवडा. अगदी मुळासकट. तो दवाखान्यात आहे, तुम्हाला बोलावलंय मी, तेव्हा माझं ऐका. नवं बी टाकायचं तर मेलेलं गवत राहता कामा नये, असं तुम्हीच म्हणालात ना? आणि माती काय हुंगताय! कीड नाही हो ती. उकळत्या पाण्यानं गवत असंच जळतं. आता मला कसं माहीत — अहो, बायकांना माहीत असतं.

मोजू नका, बारा आहेत. ही त्याची बायको, पोरगीच अजून — मावशी म्हणते मला — एकदा तिचं डोकं त्यानं नळावर आपटलं, तो आवाज माझ्या स्वयंपाकघरात आला. मी मध्ये पडले तर म्हणतो, आपलं घर बघा. बघितलं! तो कामावर गेल्यावर चहाचं आधण उचललं नि फाटकातून आत येऊन त्याच्या लाडक्या गवतावर ओतलं. बायकोपेक्षा गवताला जपायचा मेला! मग त्यानं हात उचलला की माझं पातेलं गॅसवर. दात पाडला तिचा — तो बघा, नळाजवळचा डाग. करंगळी मोडली — पायरीजवळचा. वाटायचं, वसूल करतेय मी. आणि गेल्या आठवड्यात बघते तर काय — केसांना धरून तिचं नाक एकेका डागावर घासत होता, ‘माझं गवत तूच जाळतेस, बोल!’ म्हणजे माझ्या प्रत्येक पातेल्याचा मार तिलाच… कळलं ना तुम्हाला? मला नव्हतं कळलं हो. तेवढ्यात त्यानं मला पाहिलं, भिंतीवरून डोकावताना, पातेल्यासकट. तिला ढकलून आला तणतणत इथवर. मग मी गवतावर नाही ओतलं.

दाताळं का थांबलं? …हो, दिसतंय मलाही. सगळं करपलंय नि मध्ये दोन पावलं हिरवीगार. बुटांखालचं तेवढं वाचलं. चवडे माझ्या भिंतीकडे.

संध्याकाळी पोलीस यायचेत, तिचा जबाब घ्यायला. ती माझं नाव घ्यायची नाही, वेडी आहे. दुकानातल्या त्या दोघींच्या बोलण्यातलं उकळतं पाणी तेवढं खरं, ओतणारी चुकली.

थांबा. नका खरवडू. हा डाग असाच राहू द्या — आणि तुम्ही निघा आता.