माहेरी दिलेल्या गोळ्या

(जालना. सरकारी दवाखान्यातली कावीळ तपासणीची खोली. डॉक्टर अरुंधती आणि आष्टीहून आलेल्या कौसल्याबाई. दार लोटलेलं आहे.)

अरुंधती : गोळ्यांची भरलेली बाटली सांडते कशी, कौसल्याबाई? ते झाकण उघडताना मलाच घाम फुटतो.

कौसल्या : म्हशीच्या पाण्यात पडली, मॅडम. सांगितलं की.

अरुंधती : मघाशी मोरीत पडली म्हणालात.

कौसल्या : मोरीतच. म्हैस मोरीजवळच बांधतो आमी.

अरुंधती : आणि ही दुसरी बाटली नेल्यापासून एकही गोळी पोटात गेलेली नाही?

कौसल्या : न्हाई.

अरुंधती : आठवडा होऊन गेला. अहो, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं म्हणून तुमची हेपॅटायटिस सी सापडली. नाहीतर ही कावीळ वर्षानुवर्षं आत बसून लिव्हर खाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. तीन महिने सलग गोळ्या घेतल्या तर बहुतेकांची पार निघून जाते. मध्येच सोडल्या तर केलेलं सगळं वाया जाऊ शकतं. पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात, जेवण चुकेल पण गोळी चुकायची नाही.

कौसल्या : पहिला महिना चुकले न्हाई मी. चुलीपुढं बसायच्या आधी गोळी.

अरुंधती : मग आता काय झालं? विकली का कुणाला?

कौसल्या : असलं बोलू नका, मॅडम. तसल्यातली न्हाई मी.

अरुंधती : चुकलं माझं. पण खरं कळल्याशिवाय मी पुढची बाटली देणार नाही. कुणाला दिलीत?

कौसल्या : तुमाला काय करायचं? माझ्या वाटची व्हती, मी दिली.

अरुंधती : म्हणजे दिलीत.

कौसल्या : पंचमीला माहेरी गेल्ते, शहागडला. धाकटा भाऊ हाय माझा, वसंता. हायवेला हॉटेल हाय त्याचं. मला पाहून बाहेर आला तर डोळे असे हळदीवानी पिवळे. म्हनला, आक्का, झोप न्हाई, बाकी काई न्हाई. पाय बी सुजलेले, चप्पल जाईना पायात. मंग निघताना बाटली त्याच्या हातात दिली अन् म्हनलं, रोज एक खा.

अरुंधती : तपासणी न करता?

कौसल्या : तपासायचं काय त्यात? लहानपणी ताप आला की गावात एकच माणूस सुई टोचायचा आमाला. काचेची सुई. कधी उकळायचा, कधी न्हाई. आधी मला, मंग त्याला. तुमीच म्हनल्या ना, तसल्या सुईनं होती ही बिमारी. सुई एकच, तर बिमारी बी एकच. मंग औषध बी एकच असंल का न्हाई?

अरुंधती : तुमच्या जागी मी असते तर मलाही हे बरोबर वाटलं असतं. पण कावीळ एका प्रकारची नसते. सी असेल, बी असेल, पित्ताच्या नळीत खडा असेल. अंगात बी प्रकारची असेल आणि या गोळ्या पडल्या, तर ती उसळू शकते. तुम्हाला गोळ्या देण्याआधी ते तपासलं होतं. आणि डोळे पिवळे, पायांवर सूज, म्हणजे लिव्हर आधीच थकलंय. कुठलं औषध, किती, हे सगळं वेगळं ठरतं.

कौसल्या : म्हंजी माझ्या गोळ्यांनीच त्याला काई...

अरुंधती : माहीत नाही. म्हणून तर भीती वाटतेय मला. तो आजच्या आज दवाखान्यात हवा. त्याची बायको असेल ना घरी? तिला फोन लावा.

कौसल्या : रूपालीला न्हाई सांगता यायचं.

अरुंधती : का?

कौसल्या : शपथ घातली त्यानं. माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवला. रूपालीला न्हाई, गावात कुणाला न्हाई. तुमाला सांगितलं, तेबी मोडलंच का, मॅडम?

अरुंधती : मी तुमच्या गावातली नाही. पण एवढं लपवायचं काय आहे त्यात?

कौसल्या : हॉटेल हाय ना त्याचं. मालकालाच कावीळ म्हनल्यावर कोन खाईल तिथं? ट्रकवाले तर पुढच्या ढाब्यावर जातील.

अरुंधती : तुमच्यासारखीच असली तर ती ताटातून पसरत नाही, रक्तातून पसरते. हे मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलंय.

कौसल्या : मला सांगितलं. हायवेला कोन सांगंल?

अरुंधती : ते नंतर बघू. आधी तो जगायला हवा. फोन त्यालाच लावा, स्पीकरवर. त्याला बोलायला तर शपथ आड येत नाही.

कौसल्या : लावते... वसंता? मी बोलून राह्यले.

वसंता : बोल, आक्का. जल्दी बोल, गिऱ्हाईक हाय.

कौसल्या : गोळ्या खातो का?

वसंता : बराबर. एकदम बिलकुल. खाऊन राह्यलो.

कौसल्या : बंद कर. डॉक्टरमॅडम सांगून राह्यल्या. इथं जालन्याला ये, तपासून घे.

वसंता : काऊन? बरा हाय मी. टेन्शन नको घेऊ. तू बाहेर काऊन उभी राह्यली? आत ये की.

कौसल्या : आत कुठं? मी जालन्याला हाय, वसंता.

वसंता : हां, मंग ये ना आत. उन्हात नको थांबू. खुर्ची टाकतो.

अरुंधती : वसंतराव, मी डॉक्टर बोलतेय. आज वार कोणता?

वसंता : वार... बाजाराचा.

अरुंधती : बाजार कुठल्या वारी भरतो?

वसंता : भरतो ना. लई गर्दी राहती.

अरुंधती : संडासला काळं होतं का? डांबरासारखं?

वसंता : होतं जरासं. चहा लई होऊन राह्यला माझा. आक्का, ही बाई कोन हाय?

अरुंधती : कौसल्याबाई, इकडे बघा. हळू बोलते. लिव्हरचं विष डोक्यात चढतं तेव्हा माणूस असं बोलतो. संडास काळी म्हणजे आत रक्त जात असेल. त्याला आता समजावून उपयोग नाही, समजून घेणारी शुद्धच राहिलेली नाही. मी एकशेआठची गाडी मागवते, जवळच्या मोठ्या दवाखान्यात नेतील. पण गाडी दारात आल्यावर तो बसणार नाही. त्याला धरून बसवणारं माणूस तिथे पाहिजे.

कौसल्या : तिथं हॉटेलावर रूपालीच हाय.

अरुंधती : हो.

कौसल्या : मॅडम, आई गेली तवा हा रांगत व्हता. मी वाढवला. त्याच्या डोक्यावर हात ठेवून बोलले मी. मोडलं अन् त्याला काई झालं, तर जन्मभर मला वाटंल, माझ्या तोंडानं गेला.

अरुंधती : नाही मोडलं आणि झालं तर?

वसंता : आक्का? गेली का तू?

कौसल्या : न्हाई रे. इथंच हाय.

अरुंधती : मी तुमच्याकडून फोन घेते. मी सांगते तिला. तुमच्यावर काही येणार नाही.

कौसल्या : न्हाई. तुमी सांगितलं तर ती म्हनंल, कोन कुठली बाई. तेवढ्यात तो फोन हिसकावून घेईल. माझं ऐकंल ती.

अरुंधती : गाडीला शहागडचा पत्ता कळवला, निघतेय. बाटली सोबत द्यायला सांगा, तिकडच्या डॉक्टरांना दाखवायला.

कौसल्या : वसंता, फोन रूपालीला दे.

वसंता : तिला कशाला?

कौसल्या : दे.

वसंता : आक्का, तू हात ठेवलता.

कौसल्या : ठेवलता.

वसंता : मंग?

कौसल्या : मंग काई न्हाई. फोन दे बाळा, मी बोलते तिच्याशी.

वसंता : रूपाली... हे घे. आक्का भांडून राह्यली.

कौसल्या : रूपाली? मी हाय. काम सोड अन् त्याच्यापशी जाऊन बस, हात धरून. आता सांगते ते त्याच्या डोक्यावरची शपथ मोडून सांगते, मधी बोलू नको.