शेवटचे वाक्य वगळून

जबाब

नाव : अ‍ॅड. संध्या कचरू हिवराळे, वय ३९ वर्षे, धंदा वकिली, राहणार भावसिंगपुरा, छत्रपती संभाजीनगर.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी माझे वडील कचरू हिवराळे यांच्यासह राहते. आई हयात नाही. जिल्हा न्यायालयात मी चौदा वर्षांपासून दिवाणी वकिली करते. मी अविवाहित आहे. त्याचे कारण विचारण्यात आले. त्याचा या चौकशीशी संबंध नाही.

बिडकीन येथील श्री. सोमनाथ तात्यासाहेब औताडे यांनी माझ्याविरुद्ध दिलेला तक्रार अर्ज मला वाचायला देण्यात आला. मी त्यांचे धाकटे बंधू श्री. गोकुळ यांना प्रेमाच्या जाळ्यात ओढले, आणि त्या भरात त्यांनी वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचा हिस्सा कबूल केला, असे त्यात म्हटले आहे. त्याबाबत मला माहीत असलेली हकीकत खालीलप्रमाणे आहे.

तात्यासाहेब औताडे वारल्यानंतर त्यांची मुलगी दीपमाला, राहणार वैजापूर, यांनी दोन्ही भावांवर वाटणीचा दावा लावला. औताडे कुटुंब सधन आहे. बिडकीनची काही जमीन औद्योगिक वसाहतीत गेल्यावर श्री. गोकुळ यांनी गोदामे बांधली, पुढे पेट्रोल पंप घेतला. त्यांची पत्नी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वारली. मूलबाळ नाही. दावा तीन वर्षे जुना झाला असताना, सन २०२२ च्या उन्हाळ्यात, ते माझ्या ऑफिसात प्रथम आले. त्यापूर्वी माझी त्यांची ओळख नव्हती.

ते म्हणाले, "मॅडम, मला ही केस हरायचीय."

मी म्हणाले, "हरायला वकील लागत नाही. घरी बसा."

त्यावर ते म्हणाले, "लागतो. दादानं जिंकायला तीन वकील लावलेत. आमच्या ताईनं त्याच वावरात आमच्यासंगं खुरपलंय. तिचं हाय ते तिला मिळालं पाहिजे, अन् ते कायद्यानं पक्कं पाहिजे."

मला ही भावाभावांची काही चाल वाटली. मी त्यांना परत पाठवले. ते पुन्हा आले. तिसऱ्या वेळी दीपमालाबाईंना सोबत घेऊन आले. बाई भावाशेजारी बसून रडल्या. मी वकीलपत्र घेतले. तेव्हा बहिणीला हिस्सा देण्याचा निर्णय श्री. गोकुळ यांचा स्वतःचा असून तो माझ्याकडे येण्याआधी झालेला होता. मी फक्त तशी कैफियत तयार केली.

त्यांची मोठी गाडी माझ्या ऑफिससमोर लागली की इतर पक्षकार पायरीवरच घुटमळत. मी तसे त्यांना सांगितले. पुढच्या वेळी ते रिक्षाने आले व नंतर रिक्षानेच येत राहिले. आपला नंबर येईपर्यंत ते बाहेर इतरांमध्ये बसत. एकदा मी हाक मारली तर म्हणाले, "आधी ह्या मावशीचं ऐका, लांबून आल्यात." त्यांच्याशी बोलताना मी कामापुरते बोलत असे. तेही तसेच बोलत. फक्त निघताना, "जेवलात का?" असे विचारत. मी "हो" म्हणत असे. ते दर वेळी खरे नसे.

पक्षकाराच्या घरी मी सहसा जात नाही. वकिली सुरू केली त्या वर्षी एका गावात पक्षकाराच्या ओसरीवर सर्वांना कपबशीत चहा आला आणि मला कागदी ग्लासात. त्याबाबत मी तेव्हा काही बोलले नाही. आताही अधिक सांगायचे नाही.

श्री. गोकुळ यांच्या आई आशाबाई यांचे शपथपत्र करायचे होते व गुडघ्यांमुळे त्यांना शहरात येणे होत नव्हते, म्हणून मला बिडकीनला जावे लागले. आशाबाईंनी सगळे नीट ऐकून घेतले. "पोरीचं तिला द्यायचं, त्याला मी कशाला आडवी यिन," असे म्हणून त्यांनी अंगठा दिला. मग विचारले, "कोणत्या गावच्या हिवराळे म्हणायच्या तुम्ही?" मी गाव सांगितले. त्यांना समजायचे ते समजले. चहा आला, तो सर्वांसारख्याच कपबशीत आला. तरी माझ्याने तो उचलवला नाही. आशाबाई कपाकडे बघत होत्या. तेव्हा श्री. गोकुळ यांनी आपला चहा संपवून माझाही कप उचलला आणि पिऊन टाकला. आशाबाई म्हणाल्या, "अरं, त्यो मॅडमचा होता." ते म्हणाले, "मला लई तलफ आली होती."

नंतर ते मला बसस्टँडपर्यंत चालत सोडायला आले. वाटेत एवढेच म्हणाले, "विचारत नाय. सांगावं वाटलं तर सांगा." मी त्या दिवशी सांगितले नाही. बऱ्याच महिन्यांनी त्या कागदी ग्लासाचे सांगितले. हे सांगितलेले ते एकटेच आहेत.

पुढच्या हिवाळ्यात माझे वडील जिन्यावरून पडले व त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. मी सुनावणीला पुढची तारीख मागितली म्हणून श्री. गोकुळ यांना ते कळले. बिलाला हात लावलेला मला चालणार नाही, असे मी त्यांना दवाखान्याच्या दारातच सांगितले. त्यांनी लावला नाही. दुसऱ्या दिवशी मी कोर्टातून दवाखान्यात आले तर ते माझ्या वडिलांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून त्यांची दाढी करत होते. वडिलांना रोज दाढी लागते, आणि दवाखान्यात आणल्यापासून ती झाली नव्हती. ते माझ्या लक्षात आले नव्हते.

ते गेल्यावर वडिलांनी विचारले, "कोण व्हय गं हे?"

मी म्हणाले, "पक्षकार आहेत."

वडील म्हणाले, "पक्षकार दाढ्या करत्यात व्हय?"

वडील दवाखान्यात होते तोवर श्री. गोकुळ एक दिवसाआड येत राहिले.

औताडेंची थोडी जमीन खुलताबादकडे आहे. तिच्या जुन्या नोंदींच्या नकला आणायला मी व श्री. गोकुळ तहसीलला गेलो होतो. गाडी माऊली नावाचे चालक चालवत होते. परत येताना दौलताबादच्या अलीकडे माऊली पेरू घ्यायला उतरले. तेवढ्यात श्री. गोकुळ म्हणाले, "मॅडम, मला तुमच्याशी लग्न करायचंय. घाई नाय. पण मनात ठेवून तुमच्यासमोर बसणं मला आता बरं वाटत नाय."

मी म्हणाले, "केस चालू आहे."

ते म्हणाले, "मग केस झाल्यावर विचारू?"

मी म्हणाले, "केस झाल्यावर आपला संबंध संपतो." माऊली पेरू घेऊन आले. शहर येईपर्यंत पेरू माझ्याच हातात राहिले.

त्याच आठवड्यात मी कोर्टाच्या परवानगीने वकीलपत्र सोडले आणि फाईल ज्येष्ठ वकील श्री. बद्रीनाथ दाभाडे यांच्याकडे दिली. श्री. गोकुळ यांना मी कारण सांगितले नाही. मला राग आला, असे त्यांनी धरले. वस्तुतः, ज्याच्या बोलण्याकडे माझे वकील म्हणून लक्ष राहत नव्हते, त्याचे काम मी करू नये, एवढेच कारण होते. तेव्हा पुढील साक्षीपुरावे, युक्तिवाद व दीपमालाबाईंच्या बाजूने लागलेला निकाल, यातील कशातही मी नव्हते. कोर्टाच्या रोजनाम्यावरून याची खात्री करता येईल.

त्यानंतर निकाल लागेपर्यंत ते मला भेटले नाहीत, फोनही केला नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात समोरून आले तर नमस्कार करून बाजूला होत. माझे वडील काठीने चालू लागले. ते अधूनमधून विचारत, "ते दाढीवाले पक्षकार येईना का झाले?" मी त्यांना काम जास्त असल्याचे सांगत असे. त्या काळात माझे काम नेहमीइतकेच होते.

निकालानंतर मीच त्यांना फोन केला. अभिनंदनासाठी केला होता. ते म्हणाले, "जेवलात का?" मी "नाही" म्हणाले. तेव्हापासून आम्ही भेटतो. ते आमच्या घरी येतात, वडिलांशी पत्ते खेळतात व बहुतेक वेळा हरतात. लग्नाबद्दल त्यांनी पुन्हा विचारलेले नाही. मीही विषय काढलेला नाही.

गेल्या महिन्यात अर्जदार श्री. सोमनाथ माझ्या ऑफिसात आले होते. काय बोलले, असे मला विचारण्यात आले. ते माझ्या जातीवरून व चारित्र्यावरून बोलले. नेमके शब्द मला पाठ आहेत. त्याची वेगळी फिर्याद द्यायची की नाही हे मी ठरवीन, तो माझा हक्क मी राखून ठेवते. आज ते शब्द यात घालू नयेत. हे कागद कधीतरी त्यांच्या आईपुढे वाचले जातील.

श्री. गोकुळ यांनी काल याच चौकशीत दिलेला जबाब मला दाखवण्यात आला. बहिणीला हिस्सा देण्याचा निर्णय आपला आहे, त्यात कोणाचा दबाव नव्हता, वकीलबाईंनी काम चोख केले, असे त्यात आहे. शेवटचे वाक्य असे आहे : 'अ‍ॅड. हिवराळे यांच्याशी माझा वकील व पक्षकार यापलीकडे कोणताही संबंध नव्हता व नाही.'

मी ते वाक्य पुन्हा वाचले. ते त्यांनी का लिहून दिले हे मला कळते. माझी वकिलीची सनद सांभाळावी म्हणून दिले. मी त्यांची वकील असते तर हाच सल्ला दिला असता. चौकशी करणाऱ्या उपनिरीक्षक मॅडम मला म्हणाल्या, "तुम्हीपण असंच द्या, मॅडम. दोन्ही जबाब जुळले की अर्ज आजच निकाली निघतो." त्या आपुलकीने बोलल्या, याची मी नोंद करू इच्छिते. मी पाणी मागितले. श्री. गोकुळ यांना आज बोलावलेले नसताना ते आले असून बाहेर बाकावर बसलेले मला खिडकीतून दिसत होते.

माझे म्हणणे असे की, श्री. गोकुळ औताडे यांचा जबाब शेवटचे वाक्य वगळून खरा आहे. शेवटचे वाक्य खरे नाही. लेखनिक हवालदारांनी येथे 'आमचे मैत्रीचे संबंध आहेत' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले व खोडलेल्या जागी सही केली आहे. त्याऐवजी माझ्या शब्दांत लिहावे : माझे त्यांच्यावर प्रेम आहे. ते वकीलपत्र सोडण्याआधीपासून होते आणि म्हणूनच मी ते सोडले. हे मी त्यांना आजपर्यंत सांगितलेले नाही, कारण मला भीती वाटत होती. दौलताबादजवळ त्यांनी जे विचारले, त्याला माझे उत्तर होय असे आहे.

पोलिसांपुढच्या जबाबाला कोर्टात पुराव्याचे मोल नसते, हे मला माहीत आहे. अर्जदार याच्या आधारे वकील परिषदेत माझ्याविरुद्ध जाऊ शकतात, हेही माहीत आहे. गेले तर मी तिथेही हेच सांगेन.

हा जबाब मी सांगितला तसा मराठीत लिहून घेतला गेला व हवालदारांनी मला वाचून दाखवला. शेवटी आल्यावर त्यांनी आवाज खाली घेतला. मी त्यांना थांबवून, बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा वाचायला सांगितले. त्यांनी तसा वाचला. बाहेरून श्री. गोकुळ उठून दारात येऊन उभे राहिले. मजकूर बरोबर आहे, त्यात मला काही वाढवायचे वा कमी करायचे नाही, आणि ते दारात उभे असतानाच मी खाली सही करीत आहे.