जळगावकर ऊन विचारतात

माझं माहेर धारचं, सासर देवासचं. आमचे पूर्वज संस्थानिकांबरोबर देशावरून इकडे आले, पण तलवार घेऊन नाही हो ताई, वाळ्याच्या मुळ्या घेऊन. राजवाड्याच्या खिडक्यांना उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे लागायचे, ते बांधायचे, दिवसभर त्यांच्यावर पाणी मारायचं, हे आमच्या घराण्याचं काम. आता राजे गेले, पडदे गेले, कूलर आले, तर मी कूलरच्या जाळीत खस भरून देते, वाळ्याला इकडे खसच म्हणतात. आणि या धंद्यात माणूस भोळं राहूच शकत नाही, वर खस आणि आत गवत अशा पेंड्या विकणारे पैशाला पासरी, म्हणून मी प्रत्येक पेंडी फोडते, हुंगते, मगच घेते. आमचे हे म्हणतात, हिला सत्यनारायणाच्या प्रसादातसुद्धा खडा दिसतो. असला तर दिसणारच ना.

तर आमची रेवा, एकुलती एक, इथं कारखान्याच्या ऑफिसात लागलीय. तिला जळगावचं स्थळ आलं, मुलगा चांगला, माणसं चांगली, मी खोदखोदून चौकशी केली, अगदी त्यांच्या दूधवाल्यापर्यंत. जूनची तारीख निघाली, संध्याकाळचा गोरज मुहूर्त, कार्यालय ठरलं, सगळं ठरलं.

आणि मग विहीणबाईंचे फोन सुरू झाले. आधी म्हणाल्या, काय हो, त्या तारखेला तुमच्याकडे मागच्या साली ऊन किती होतं? मी म्हटलं, ऊन होतं, जेठात काय थंडी असते का. मग दोन दिवसांनी परत, त्याच्या मागच्या साली तर जास्तच होतं म्हणे? लू चालली होती म्हणे? काय सांगू तुम्हाला! अहो, जळगावची माणसं! जिथं मे महिन्यात केळीसुद्धा करपते, ती माणसं आम्हा माळव्यातल्यांना ऊन विचारतात! मी ह्यांना म्हटलं, पाणी मुरतंय कुठंतरी, यांना लग्न मोडायचंय. हे म्हणाले, तुझं काहीतरीच. मी म्हटलं, बघाच तुम्ही.

पण मी पण काय कमी नाही. कूलरवाल्या शेजाऱ्याला सांगून आली, भिया, उस दिन के बड़े कूलर अलग रख देना, किसी को मत देना. कार्यालयाच्या दारांना खसचे पडदे मी स्वतः बांधायला घेतले, आजीनं शिकवले होते तसे, हाताची सालं निघाली. विहीणबाईंना कळवलं, आता कितीही तापू दे, आत गारवा राहील. आणि चार दिवसांनी नवीनच, तिकडे तेव्हा दिवस मावळतो कधी हो? सातच्या पुढे ना? मग म्हाताऱ्या माणसांनी तोवर बसायचं कुठं, मग जेवणं कधी, त्यापेक्षा कार्तिकात धरू या का? झालं! मी म्हटलं, सूर्याला आता मी काय पडदा बांधू?

मला राहवलंच नाही. म्हटलं, विहीणबाई, सरळ सांगा, मुलगी पसंत नाही का? त्या बिचाऱ्या एकदम घाबरल्या. म्हणाल्या, अहो, आम्हाला कसलं आलंय उन्हाचं, आम्ही जळगावचे! तुमची रेवाच रोज पाठवते, कोणत्या साली त्या तारखेला किती तापलं, दिवस केवढा मोठा होता, मला वाटलं तुम्हालाच तारीख नकोय आणि बोलायचा संकोच होतोय.

काखेत कळसा, गावाला वळसा. मी फोन ठेवला आणि बघत बसली. रेवा समोरच होती, पडद्याला सुतळी ओवत, माझ्याच बरोबर.

म्हटलं, का गं? तर म्हणाली, आई, मला नाही करायचं हे लग्न. मुलगा वाईट नाही, पण नाही करायचं. तू त्याच्या दूधवाल्याला विचारलंस, गुरुजींना विचारलंस, मला एकदा तरी विचारलंस का? मी म्हटलं, मग तोंडानं सांगायचं ना. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, कोण आहे तो, कोणी भरवलं हे तुझ्या डोक्यात. आणि खरं सांगते ताई, देवाशपथ, त्या घडीलासुद्धा माझ्या जिभेवर तेच होतं. मी ते गिळलं. फार कडू लागलं.

ती रडत नव्हती, रडली असती तर मी तिला रागावून मोकळी झाली असती. नुसती सुतळी ओवत राहिली.

दुसऱ्या दिवशी मीच जळगावला फोन लावला. म्हटलं, विहीणबाई, आमच्याकडे ऊन फार हो, नाही जमायचं. त्या म्हणाल्या, मग कार्तिकात करू, त्यात काय एवढं. मी म्हटलं, कार्तिकात पण असतं हो आमच्याकडे ऊन. मग हळूच म्हणाल्या, बरं, समजलं. चांगली बाई होती, मला आजही वाईट वाटतं.

आता लोक विचारतात, का मोडलं, आणि हुंगत फिरतात माझ्यासारखेच. फिरू दे. माझ्या पण मनात येतं कधी, कोणी असेल का हिचा, पण विचारत नाही. भाजी कोणती करू, ते मात्र आता तिला रोज विचारते. ती म्हणते, आई, बस कर, काहीही कर. सुखी राहो म्हणजे झालं.