सातवी किक

नाही नाही, चोक नंतर, दादा — आधी पेट्रोलचा कॉक उघडा, टाकीच्या खाली, सापडला? — आता चोक ओढा आणि चावी न लावता दोन किक, अगदी हळू, झोपलेल्याला उठवतो तशा. हां. आता चावी लावून मारा. — नाही ना झाली? कशी होईल, रेस दिलीत तुम्ही. मला आवाजावरून कळतं. चालवता नाही येत हो मला, मी कायम मागेच बसले, पण एकवीस वर्षं रोज सकाळी डबा भरता भरता या खिडकीतून ऐकतेय — पहिल्या किकला डब्याचं झाकण लावायचं, चौथीला पाण्याची बाटली, सातवीला मी दारात. आणि सातवीलाच सुरू व्हायची. हे म्हणायचे, तुझं तोंड पाहिल्याशिवाय ही हलतच नाही. थापाड्या माणूस. पण जायचे मी दारात, न जाऊन करते काय.

विकायची का? गुडघा, दुसरं काय. डॉक्टरांनी बजावलंय, गाडी चालवा, पण किक मारायची नाही. हे ऐकतायत? परवा माझी पाठ वळली की आलेच इथे, लंगडत. म्हणून आज ते गुडघ्याच्या व्यायामाला गेलेत तोवर बोलावलं तुम्हाला. अकराला येतील, त्याआधी न्या, नाहीतर गाडीला मिठी मारून बसतील. — थांबा, थांबा, पेट्रोलचा वास येतोय, ओव्हर झाली, जास्तच पेट्रोल गेलं आत. चोक बंद करा, दोन मिनिटं दम खाऊ दे तिला. तुम्हीही खा.

काय म्हणालात? मेलेली गाडी आहे? मेलेली? — सरका बघू. ह्यांचे बूट घालते, मोठे होतात, होऊ देत. कुठे पाय ठेवायचा, इथे? — ऐकलंत? एका किकला. पहिल्याच. आता कोण उभं होतं हो दारात?

म्हणजे सात कधी लागतच नव्हत्या. एकवीस वर्षं हा माणूस चावी न लावता उगाचच सहा किक — आणि गुडघा त्यापायीच —

तुम्ही या आता, दादा. नाही, द्यायची नाहीये. चालवतील तेच, किक मी मारीन. गुडघा त्यांचा गेलाय, माझा नाही. आणि जाताना फाटक उघडंच ठेवा, अकरा वाजत आले.