खिडकीतली उभी तार

अमेरिकेच्या मेन राज्यातल्या एका बंदरावरच्या छोट्या पोस्टात रांग होती. शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, पकडणाऱ्या हार्लनच्या पुढे दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या, व्हर्ना आणि लॉटी.

“नव्या घराच्या छपरावर अँटेना लावू देत नाहीत म्हणे. मग होड्यांचं बोलणं कसं ऐकतेस गं व्हर्ना?”

“घरातच लावली. दीड फूट तांब्याची तार, खिडकीच्या काचेला चिकटपट्टीनं. खालचं टोक रेडिओच्या स्कॅनरला.”

“आणि येतं ऐकू?”

“आधी पडद्याच्या दांडीवर आडवी टाकली होती. नुसती खरखर. मग डोक्यात प्रकाश पडला, होड्यांच्या अँटेना उभ्या, माझीच मेली झोपलेली! उभी केली, तर अख्खं बंदर स्वयंपाकघरात.”

“ऐंशीव्या वर्षी! मला तर घड्याळ लावता येत नाही. तुझा एल्विन काय बोलतो होडीवरच्या रेडिओवर?”

“पन्नास वर्षांच्या संसारात माझ्याशी बोलला नाही, रेडिओवर काय बोलणार! दुसरे कुणी ‘एल्विन निघाला’ म्हणून त्याचं नाव घेतात, की मी बटाटे उकडायला टाकते. काल धुक्यात कुणीच घेतलं नाही. पाचपर्यंत त्या तारेपाशी उभी होते.”

“अगं बाई!”

हार्लनने आपली तिकिटं घेतली आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशीही धुकं होतं. समुद्रावरून परतताना हार्लनला एल्विनची होडी दिसली. त्याने रेडिओचं बटण दाबलं.

“एल्विन घंटेच्या तरंगत्या बोयापाशी आहे. घरी निघालाय. म्हातारा ठणठणीत आहे.”

“तुला कुणी विचारलं रे?” दुसऱ्या होडीवरून आवाज आला.

“कुणी नाही. बटाटे टाकायची वेळ झाली, एवढंच.”