निळ्या दिव्याची गाडी

नाही, आधी चहा घे. गाडी काही पळून जात नाही — म्हणजे पळते, पण या टेबलावरच. स्वतः नाही आला ना तो? बायकोला पाठवलं. छान. एवढा पोलिसांची गाडी पळवणारा, आणि मोठ्या बहिणीच्या दारात यायचं धाडस होत नाही त्याचं. बस गं, त्या खुर्चीवरचे कपडे सार बाजूला.

तर हीच ती. बघ नीट — काळी-पांढरी, वर निळा दिवा, दारं दोनच. असली शर्यतीची गाडी पोलिसांना कोण देतं देव जाणे. चोर सापडलाच तर बसवणार कुठे, मांडीवर? हे विचारलं की लहानपणी रडकुंडीला यायचा. ही त्याची, लाल माझी, म्हणजे चोराची. ट्रॅकमध्ये या दोन खाचा दिसतात ना, त्यांत गाड्या अडकवायच्या, आणि हातातली कळ दाबली की वीज मिळून सुटतात. पण खाचा वेगळ्या, त्यामुळे पोलीस जन्मात चोराला पकडत नाहीत, नुसते मागे लागतात — आमचं सगळं आयुष्य गेलं त्यात. आई गेली, बाबा गेले, आम्ही आपले दर रविवारी पळतोय. तुला काय सांगायचं म्हणा, लग्न झाल्यावरही रविवारी इथेच पडलेला असायचा.

आणि जिंकायचा तोच. दर वेळी. माझी त्या वळणावर उडून पडायची, याची चिकटल्यासारखी. का, तर साहेबांनी खालून चुंबक लावलेलं, खाचेकडेच्या लोखंडी पट्टीला धरून ठेवणारं. पोलिसांच्या गाडीखाली चोरी — बोलले मी, हो, तुझ्या आईवडिलांसमोर बोलले. मग कुठे बोलायचं होतं, चौकीत जाऊन? जेवता जेवता ताटावरून उठला, तो आजतागायत उठलेलाच आहे. आता म्हणे नवा ट्रॅक घेतलाय, चांगला खोलीभर, आणि त्यावर हीच हवी. ने की. मला काय करायचीय? माळ्यावर धूळ खात पडली होती.

धूळ? नसेल, पुसली असेल मी. आता ती पालथी कशाला करतेस — ठेव. ठेव म्हटलं ना. हो, चुंबकच आहे ते. काढून फेकलं होतं मी. मग शोधलं. मग — अगं, त्याशिवाय वळणावर पडते ना ती, चालवणारं कुणी नाही तिला. दुसऱ्या कळीला रबर गुंडाळून ठेवते मी, की कळ दाबलेली राहते, ही एकसारखी फिरत राहते, आणि मी लाल घेऊन तिच्या बाजूने. वळणावर जरा हळू घेते. जिंकते हीच. अशी बघू नकोस माझ्याकडे, एकट्या बाईला काही करमणूक नको का?

आणि तिकडे कोण असतं त्याच्यासमोर? तू खेळतेस? ... नाही? बोलावतच नाही तुला? मग एवढा खोलीभर ट्रॅक घेऊन करतो काय तो, नुसता बसतो? ... एकटाच? असं होय.

बरं. ने ती, चुंबकासकट ने. आणि थांब, हे रबरपण ने. लागेल त्याला. जाताना दार ओढून घे.