पोकळ फ्रीजचं रुखवत

मृदंगवाले, हात ठेवा जरा. टाळही राहू द्या. आज गाऊन सांगायचं नाही मला, आज मला राग आलाय!

मंडळी, एक विचारतो. शेजारणीनं नवी नथ घातली, तर आपलं नाक कापलं जातं का? — हसू नका! दुसऱ्यानं खर्च केला, त्यात आपली अब्रू कशी गेली? पांडुरंग इतकी युगं विटेवर उभा आहे. पलीकडच्या देवळाला कळस चढला म्हणून त्यानं कधी वीट बदलून मागितली? नाही ना? मग तुम्हीच कोण मोठे लागून गेलात?

ऐका तर.

एक होती द्वारकाबाई. नवरा गेलेला, पदरात एकच लेक, उज्ज्वला. पोर शिलाई मशीनवर बसली की गुणाची खाण! गावातल्या बायकांची पोलकी, शाळेतल्या पोरांचे गणवेश, सगळं तिच्या हातचं. घरची चूल त्या मशीनच्या पायडलवर पेटायची. आणि लग्न जमलं तेही मशीनपायीच! विहीण हौसाबाई बघायला आल्या, त्या पोरीचं तोंड बघायचं सोडून अर्धवट शिवलेलं पोलकं उलटं करून आतली शिवण बघत बसल्या. म्हणाल्या, पोरगी पसंत. देणंघेणं काही नको, नारळ आणि पोरगी द्या.

आता यावर शहाण्या माणसानं काय करावं? देवापुढं साखर ठेवावी आणि निवांत झोपावं! पण शेजार असतो ना, मंडळी!

शेजारी शालनबाई. तिच्या लेकीचं लग्न नुकतंच झालेलं, आणि रुखवत काय मांडलं होतं — साखरेचा महाल, आपोआप हलणारा पाळणा, माणसाएवढा आरसा, आणि मधोमध फ्रीज! अहो, रुखवत म्हणजे काय? नवरीच्या हातच्या शेवया, कुरडया, तिनं विणलेली तोरणं. सासरला पोरीच्या हाताची ओळख. आता ओळख कुणाची? दुकानाची!

उज्ज्वलानं रुखवतासाठी गोधडी शिवली होती. गिऱ्हाइकांच्या कापडातून उरलेले तुकडे जपून ठेवलेले, ते जोडून. गावातली प्रत्येक बाई त्या गोधडीत एका तुकड्यानं होती! शालनबाई आली, बोटाच्या चिमटीत गोधडी उचलली आणि म्हणाली, "चिंध्या मांडणार होय मांडवात?"

झालं! तेवढं एक वाक्य. द्वारकाबाईच्या काळजात जे रुतलं, ते निघेना. भाकरी थापताना तेच, पाणी भरताना तेच. लोक काय म्हणतील? बिनबापाच्या पोरीची अशीच बोळवण केली म्हणतील. अन् शेवटी ती गेली दगडू मंडपवाल्याकडं.

का? तर दगडूकडं रुखवत भाड्यानं मिळतं! हो, मंडळी! मांडायचं, फोटो काढायचे, पंगती उठल्या की गर्दीत त्यानं उचलून न्यायचं. भाड्यापोटी काय दिलं द्वारकाबाईनं? घरात होतं काय दुसरं? मशीन दिलं! लेकीला म्हणाली, सासरी नवं घेतील. लेकीनं मशीनवरचा दोरा काढून गुंडाळून ठेवला. आईनं तो होकार समजला, आणि गोधडी लेकीच्या सासरी न्यायच्या ट्रंकेच्या तळाशी गेली.

लग्न लागलं. बायका रुखवताभोवती गोळा झाल्या, शालनबाईसुद्धा गप झाली. द्वारकाबाईला वाटलं, जिंकले! पण एक गोष्ट ती विसरली. रुखवत कुणाचं असतं? नवरीबरोबर जायचं असतं ते! वराकडची पोरं कामसू, पाठवणीआधीच टेम्पो मागं लावला. एक दांडगं पोरगं कंबर कसून फ्रीजला भिडलं, म्हणालं, चौघं तरी या रे. आणि उचलायला गेलं तर फ्रीज वर! एकट्याच्या हातात! दार उघडलं. आत ना यंत्र, ना कप्पा. नुसता पत्र्याचा डबा, त्यात दगडूची हातोडी आणि सुतळीचा गुंडा!

मांडव हसला. तुम्ही हसताय तसाच हसला. अन् द्वारकाबाईला वाटलं, धरणी फाटेल तर बरं.

दगडू धावत आला, माल माझा आहे म्हणाला. शालनबाईनं द्वारकाबाईला कोपरानं ढोसलं. कुजबुजली, "आठवड्यात खरा पाठवते म्हण. हप्त्यानं घे. अब्रू राख." तेवढ्यात दगडू वैतागून बोलून गेला, "शालनबाईंच्या लेकीच्या लग्नालाही हाच होता. तेव्हा नाही कुणी हात लावला!"

आता कोण कुणाची बरोबरी करत होतं, सांगा! पोकळाची बरोबरी पोकळानं!

द्वारकाबाईनं शालनबाईकडं एकदा बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा भर मांडवात मोठ्यानं बोलली, "नाही पाठवणार. आज नाही, कधीच नाही. हे माझं नव्हतंच." ट्रंक ओढली, गोधडी काढून विहिणीपुढं धरली. "हे माझ्या लेकीचं."

हौसाबाईंनी गोधडी उलटी केली. आतली शिवण बघितली. मग विचारलं, "आणि मशीन कुठाय? मी मघापासून रुखवतात तेच शोधतेय."

द्वारकाबाई दगडूकडं वळली. दगडूनं मान खाली घातली. मशीन केव्हाच पुढं विकलं गेलं होतं.

हौसाबाई म्हणाल्या, "पोरीचे हात बघून सून केली होती मी, विहीणबाई. तुम्ही हातच काढून ठेवलेत."

टेम्पो निघाला. मागं उज्ज्वला बसलेली, मांडीवर गोधडी. आणि द्वारकाबाईला दिसलं, हिरव्या शालूखाली लेकीचा पाय हलतोय. वर, खाली. पायडल दाबल्यासारखा.

मंडळी, मशीन कुणी विकलं? द्वारकाबाईनं? दगडूनं? शालनबाईनं? — चूक! तुम्ही विकलं! मांडवात शिरल्या शिरल्या "रुखवतात काय काय आहे हो?" विचारत माना उंचावणाऱ्या तुम्ही! तोंड लपवू नका. पहिल्या रांगेतल्या मायबायांनो, तुम्ही तर मुळीच लपवू नका!

परवा याच गल्लीत लग्न आहे. मीही येणार आहे जेवायला. जिनं रुखवत पाहून नाक मुरडलं, तिला मी भर पंगतीत उठवून विचारणार — बाई, आता तू कुणाच्या लेकीचं काय विकायला लावणार आहेस?

वाजवा आता मृदंग. आणि टाळ्या वाजवू नका. त्या हातांनी काहीतरी शिवा!